व्हाइट रिम, युटा: चार दिवसांची गाइडेड माउंटन बाइक सफर (तयारी, सायकल, पाणी, वाळू)

कातळवाट

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातली व्हाइट रिमची वाट गाइडेड ग्रुपबरोबर करायची तर काय काय माहीत हवं, ते एका जागी असावं म्हणून हा धागा. उद्यानाजवळच्या मोॲब गावाच्या आसपासच्या वाटांबद्दल इतर धाग्यांवर अधूनमधून विचारणा होते, पण उत्तरं विखुरलेली आहेत. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला, ज्यांना जायचंय त्यांनी बिनधास्त विचारा.

आधी वाट. आयलंड इन द स्काय नावाचं एक पठार आहे. त्याच्या माथ्यापासून साधारण १,२०० फूट खाली पांढऱ्या वालुकाश्माचा एक रुंद कट्टा पठाराला वळसा घालून जातो, रस्ता त्या कट्ट्यावरून आहे. पूर्ण फेरी सुमारे १६० किमी. १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांच्या गाड्यांसाठी हा रस्ता काढला गेला, उद्यान झालं १९६४ साली. म्हणजे ही सिंगलट्रॅक (एका सायकलीपुरती अरुंद पायवाट) नव्हे, जीपचा खडबडीत कच्चा रस्ता आहे. उड्या मारायचं कसब इथे लागत नाही. लागतो तो सलग चार दिवस खोगिरावर बसायचा दम. वाटेत पिण्याचं पाणी कुठेही नाही, फोनला रेंज जवळजवळ नाही आणि दुपारी सावली शोधावी लागते.

गाइडेड सफरीत साधारण दोन गाइड आणि एक फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक असतो. पाणी, शिधा, तंबू, तुमच्या बॅगा सगळं ट्रकमध्ये. उद्यानाच्या नियमाप्रमाणे एका ग्रुपात जास्तीत जास्त १५ माणसं आणि ३ गाड्या. कँपसाइट आधीच राखीव केलेल्या असतात आणि परवान्याची जबाबदारी कंपनीची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्रक सोबत आहे म्हणून रिकाम्या पाठीनं निघायचं, असं नवखे हमखास ठरवतात. ट्रक सगळ्यात मागे असतो. सकाळी सायकली निघाल्यावर गाइड कँप आवरतात, मग ट्रक निघतो. पाण्याचंच वजन बघा: १५ माणसं × ४ दिवस × माणशी ७.५ लिटर (पिणं, स्वयंपाक, भांडी धरून) म्हणजे ४५० लिटर, म्हणजेच ४५० किलो. त्यावर शिधा आणि सामान. असा ट्रक दगडी पायऱ्यांवर सायकलपेक्षा हळू चालतो. सर्वांत पुढचा सायकलस्वार आणि ट्रक यांच्यात दोन तासांचं अंतर सहज पडतं. त्यामुळे तीन तास पुरेल इतकं पाणी, खाणं, पंक्चरचं सामान आणि एक पातळ जाकीट स्वतःच्या पाठीवर हवंच.

शेफरकडून (पठारावरून खाली उतरणारा घाटरस्ता) निघून मिनरल बॉटमला (नदीकाठून पुन्हा वर चढणारा रस्ता) संपणारा चार दिवसांचा बेत साधारण असा असतो (कँपसाइट मिळतील तसा बदलतो):

पहिला दिवस: शेफरच्या नागमोडी वळणांवरून खाली, मसलमन आर्च (खडकाची नैसर्गिक कमान), मुक्काम एअरपोर्ट नावाच्या कँपवर. सुमारे ३० किमी.
दुसरा: गूजबेरी, व्हाइट क्रॅकचा फाटा, मुक्काम मर्फी हॉगबॅक. ४० ते ४५ किमी. पूर्ण सफरीतला सगळ्यात जड दिवस हाच.
तिसरा: मर्फीवरून उतार, कँडलस्टिक, मुक्काम पोटॅटो बॉटम. सुमारे ३५ किमी.
चौथा: हार्डस्क्रॅबलचा चढ, ग्रीन नदीच्या काठानं मिनरल बॉटम, मग वळणावळणांचा शेवटचा चढ.

बऱ्याच कंपन्या मिनरल बॉटमच्या माथ्यावरच सफर संपवतात आणि गाडीनं मोॲबला आणतात. तिथून डांबरी रस्त्यापर्यंतचा २० एक किमीचा खडीचा पट्टा कंटाळवाणा आहे, तो गाडीतून गेला तर काही गमावत नाही.

पॅनिअर

छान धागा! पुण्याहून मे महिन्यात तिघं जायचा विचार आहे, मुलांची सुट्टी तेव्हाच असते. मे चालेल का? आणि कंपनी निवडताना नेमकं काय विचारायचं? सगळ्यांच्या वेबसाइटवर फोटो सारखेच दिसतात.

कातळवाट

@पॅनिअर, मेचा पहिला पंधरवडा उत्तम. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिवसा साधारण १५ ते २७ अंश सेल्सिअस आणि रात्री शून्य ते १० च्या आसपास असतं. जूननंतर पारा ३८ च्या वर जातो, जुलै ते सप्टेंबर वळवासारखे पाऊस येऊन कोरड्या ओढ्यांना अचानक पूर येतात. मे संपत आला की दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे चिलटांसारख्या चावऱ्या माश्या, कान आणि केसांच्या कडेला चावतात. दुसरी म्हणजे वरच्या डोंगरांतला बर्फ वितळून ग्रीन नदी फुगते, तेव्हा नदीकाठचा रस्ता काही वर्षी पाण्याखाली जातो. शक्य असेल तर १५ तारखेच्या आत उरका.

कंपनीला विचारायचे प्रश्न:

गाइडांकडे वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर प्रमाणपत्र आहे का? साधं प्रथमोपचाराचं नको. हे शिक्षण मदत यायला बरेच तास लागतील असं धरून दिलेलं असतं.
सॅटेलाइट फोन की मेसेज पाठवणारं यंत्र? किती आणि कोणाकडे? एकच असेल आणि तेही ट्रकमध्ये, तर पुढच्या गाइडकडे काय?
एक गाइड सायकलवर असतो की दोघंही ट्रकमध्ये?
ट्रकमध्ये सायकलस्वारांसाठी किती सीट रिकाम्या?
भाड्याच्या सायकलीचं मॉडेल कोणतं, टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) आहेत का, सीलंट (भोक आपोआप बुजवणारा टायरमधला द्रव) शेवटचं कधी भरलं?
स्लीपिंग बॅग देतात का, किती तापमानाची?
ग्रुप कमी भरला तर सफर रद्द होते का, पैसे कसे परत मिळतात?

सीलंटच्या प्रश्नाला चटकन आणि नेमकं उत्तर मिळालं तर त्यांचं वर्कशॉप नीट चालतं असं समजा. माझ्या मते सगळ्यात बोलका प्रश्न हाच आहे.

टिप वेगळी द्यायची असते. सफरीच्या किमतीच्या १० ते २० टक्के धरून ठेवा.

टॉर्करेंच

सायकलीबद्दल लिहितो.

हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) चालते, पण चार दिवसांचे दगडी हादरे बघता १२० ते १३० मिमी ट्रॅव्हलची (हादऱ्याला तेवढी दबणारी) फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली, घ्या. २९ इंची चाक, २.३५ किंवा २.४ इंची टायर. त्याहून बारीक टायर वाळूत रुततो. पुढे ३२ दातांची चेनरिंग आणि मागे १०-५१ ची कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) असेल तर बहुतेकांना पुरतं. चढाची सवय कमी असेल तर ३० दातांची मागा.

भारतातून येणाऱ्यांनी हे आधी वाचा: अमेरिकेत डावा लिव्हर पुढचा ब्रेक, उजवा मागचा. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सायकलींवर हे उलट असतं. घाबरल्यावर हात सवयीनं चालतो, आणि पहिल्याच दिवशी शेफरचा उतार आहे. सायकल ताब्यात घेतल्यावर पार्किंगमध्ये अर्धा तास फक्त ब्रेकचा सराव करा: सपाटीवर, मग उतारावर, मग एकेक लिव्हर वेगळा दाबून. लिव्हर बदलून मागण्याच्या फंदात पडू नका. हायड्रॉलिक ब्रेकचे होज काढले की ब्लीडिंग (नळीतली हवा काढून पुन्हा तेल भरणं) आलं, आणि घाईत केलेल्या ब्लीडिंगमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर उतारावर लिव्हर थेट ग्रिपला टेकतो.

उतरताना ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका. डिस्क तापते, रेझिन पॅड गुळगुळीत होऊन पकड सोडतात. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, वेग मारा, मग सोडा. डिस्कला थंड व्हायला तेवढा वेळ मिळतो. स्वतःची सायकल नेत असाल तर सिंटर्ड मेटल पॅड बसवा, धूळवाळूत ते जास्त टिकतात. नवे पॅड मोॲबला पोचण्याआधीच १५-२० वेळा मध्यम वेगातून ब्रेक मारून बसवून घ्या.

टायर. ७५ किलोचा माणूस आणि ५ किलोची पाठपिशवी धरली तर २.४ च्या टायरला पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय. ९० किलोच्या पुढे असाल तर दोन्हीकडे ३ वाढवा. हवा कमी ठेवली की वाळूत छान वाटतं, पण दगडी पायरीवर रिम आपटते. त्या पायऱ्या शंभरेक किलोमीटर आहेत, वाळू मोजक्या ठिकाणी. म्हणून हवा दगडासाठी भरायची.

सीलंट प्रत्येक टायरमध्ये १०० ते १२० मिली. कोरड्या हवेत ते लवकर सुकतं, त्यामुळे घरी तीन महिने चालणारं सीलंट तिथे दीड-दोन महिन्यांत संपतं. चाक कानाजवळ धरून हलवा, पाण्यासारखा आवाज आला पाहिजे.

पाठीवरच्या पिशवीत: ट्यूबलेस प्लग आणि ते घालायचा दाभण, एक ट्यूब (दुसरी ट्रकमध्ये), दोन टायर लिव्हर, टायरचा फाटका भाग आतून झाकायला बूट, छोटा पंप, चेन तोडायची सोय असलेला मल्टिटूल, तुमच्या चेनच्या स्पीडची दोन क्विक लिंक, चार झिप टाय, दोन हात डक्ट टेप. १२ स्पीडच्या चेनला ११ स्पीडची लिंक बसवू नका. बसल्यासारखी वाटते आणि जोर दिला की सुटते. डिरेल्युअर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) त्या फ्रेमचाच लागतो, भाड्याच्या सायकलीसाठी तो ट्रकमध्ये आहे ना, ते विचारून घ्या.

टायरमध्ये हवा भरायचे छोटे सीओटू सिलिंडर विमानात आणू नका, मोॲबमध्ये मिळतात.

रानवारा

काट्यांबद्दल थोडं. मोॲबमध्ये टायरचा मुख्य शत्रू म्हणजे आपला सराटा. माळावर, बांधावर पसरतो तोच, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. तिथे तो बाहेरून आलेला आहे. गंमत म्हणजे वाटेवर तो फारसा नसतो. असतो गावात: पार्किंगच्या कडेला, पेट्रोल पंपामागे, हॉटेलच्या कुंपणाशी. सफर सुरू व्हायच्या आधीच टायरमध्ये पाच-सहा काटे गेलेले असतात. तण दिसलं की सायकल उचलून न्या.

ट्यूबलेस टायरमधला सराटा उपटताना भोक खाली येईल असं चाक फिरवा, म्हणजे सीलंट तिथे जमतं. दहा-पंधरा सेकंदांत फसफस थांबते.

ट्यूब घालायची वेळ आली तर मात्र टायरची आतली बाजू बोटांनी नव्हे, कापडाच्या बोळ्यानं पूर्ण फिरवून तपासा. ट्यूबलेस टायरमध्ये आधीचे काटे सीलंटनं झाकून आत टोक काढून बसलेले असतात. कापड अडकेल तिथे काटा. हे न करता नवी ट्यूब घातली की पाच मिनिटांत तीही बसते, आणि दोष उगाच ट्यूबला दिला जातो.

वाटेवर त्रास देतो तो बुटका निवडुंग. त्याची मोठी सुई दिसते, पण केसासारखी बारीक कुसं हातमोज्यात घुसतात. टोकदार चिमटा पिशवीत ठेवा.

पॅनिअर

ब्रेकचं लक्षातच आलं नसतं, धन्यवाद! वाळूत सायकल कशी चालवायची? आमच्याकडे सराव म्हणजे सिंहगड आणि कात्रज. वाळू नाही.

टॉर्करेंच

वाळू दिसली की ती येण्याआधीच, अजून कडक जमीन आहे तोवर, दोन गिअर हलका करा. वाळूत शिरल्यावर गिअर बदलला की चेन जोराखाली उडी मारते आणि पायातला ताल तुटतो. बूड खोगिरावर, वजन थोडं मागे, हँडल सैल. पुढचं चाक थोडं इकडेतिकडे करेल, करू द्या. घट्ट धरून सरळ करायला गेलात की ते आडवं होतं आणि सायकल जागीच थांबते. पाय गोल फिरत राहिले पाहिजेत, धक्के द्यायचे नाहीत. नजर दहा-बारा मीटर पुढे. वळण घ्यायचं तर हँडलनं कमी, कमरेनं जास्त.

ट्रकच्या चाकोरीतली वाळू दाबलेली असते, तिथून जा. मधला उंचवटा नेहमी मऊ.

थांबलातच तर उतरून ढकला. उभ्याउभ्या वाळूत पुन्हा चढायच्या प्रयत्नात मांड्यांचा दम जातो, आणि पुढचा चढ तसाच बाकी असतो. सगळ्यात जास्त वाळू ग्रीन नदीच्या बाजूला, पोटॅटो बॉटम ते हार्डस्क्रॅबल. हार्डस्क्रॅबलचा चढ तर वाळू आणि तीव्र चढण दोन्ही एकत्र आहे. तो ढकलत गेलात तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक जण ढकलतात.

सरावासाठी कोरड्या ओढ्याची रेती किंवा कोकणात किनाऱ्यावरची वरची कोरडी वाळू. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू कडक असते, तिचा उपयोग नाही.

सिंहगड उत्तम आहे, फक्त शनिवार-रविवार सलग करा. एका दिवसाचा मोठा पल्ला मारण्यापेक्षा लागोपाठ तीन दिवस ३५-४० किमी कच्च्या रस्त्यावर, हे जास्त उपयोगी. तिसऱ्या दिवशी बूड आणि मनगटं काय म्हणतात ते तेव्हाच कळतं.

नाडीपरीक्षा

डॉक्टर म्हणून पाण्याबद्दल लिहिणं भाग आहे.

उद्यानाची शिफारस माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाण्याची आहे. सायकल चालवताना तासाला ५०० ते ७५० मिली धरा, ऊन असेल तर वरचा आकडा. पाठीवर ३ लिटरची पिशवी आणि सायकलवर एक बाटली घेऊन निघा. हवा इतकी कोरडी असते की घाम दिसत नाही, त्वचेवर मिठाची पांढरी रेघ तेवढी उमटते. "घाम येत नाहीये, म्हणजे पाणी पुरेसं आहे" हा हिशोब तिथे चुकतो.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि मीठ घेतलं नाही तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, बोटं सुजणं, मग गोंधळल्यासारखं होणं. ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात, म्हणून माणूस आणखी पाणी पितो आणि प्रकरण हाताबाहेर जातं. ओळखायचं कसं? तो माणूस भरपूर पाणी प्यायलाय, लघवी पांढरीस्वच्छ आणि वारंवार होतेय, वजन घटण्याऐवजी अंगठी घट्ट झालीय: तर पाणी थांबवा, खारट खायला द्या, गाइडला लगेच सांगा.

आपल्याकडचं डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याचं ओआरएस घेऊन जा. एक पाकीट बरोबर १ लिटरला. त्यात सोडियम लिटरला ७५ मिलीमोल असतं, बाजारातल्या स्पोर्ट्स ड्रिंकच्या कितीतरी पट. दिवसाच्या पाण्यापैकी साधारण तिसरा हिस्सा ओआरएस, बाकी साधं पाणी, जोडीला खारे शेंगदाणे. ओआरएस बाटलीत कालवा, पाठीवरच्या पिशवीत नको: नळीत बुरशी धरते. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जाण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांशी प्रमाण ठरवा.

उष्माघात: अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय, अडखळतोय. अशा वेळी घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. सावली करा, पाणी अंगावर ओता, वारा घाला, गाइडला सॅटेलाइटवरून मदत मागवू द्या. शुद्ध धड नसेल तर तोंडानं काही देऊ नका.

प्रवास विमा घेताना "माउंटन बायकिंग" हा शब्द पॉलिसीत आहे का ते शोधा. बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात, आणि इथून बाहेर काढायला हेलिकॉप्टर लागू शकतं.

झुळूक

बायकांसाठी दोन गोष्टी, कारण कोणी लिहीत नाही. पॅडवाल्या शॉर्ट्स किमान तीन न्या. एक दिवसाआड धुवायचा विचार सोडा, धुवायला पाणी नाही. कँपला पोचल्या पोचल्या ती काढून कोरड्या सुती कपड्यांत या, ओल्या पॅडमध्ये बसून राहिलं की दुसऱ्या दिवशी फोड नक्की. शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, शिवण घासते. कॅमॉइस क्रीम (घासणं कमी करणारं मलम) सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा. भाड्याच्या सायकलीवर खोगीर सवयीचं नसतं, म्हणून आपलंच खोगीर बॅगेतून न्या. बसवायला दोन मिनिटं लागतात.

पाळी येणार असेल तर झिपलॉक पिशवीला बाहेरून पूर्ण डक्ट टेप लावून ठेवा, आतलं दिसत नाही. वापरलेलं सगळं त्यात, सफर संपल्यावर गावात कचऱ्यात. कँपसाइटवर कोरडी शौचालयं आहेत, त्यांत पॅड टाकायचे नाहीत. टॉयलेट पेपर आणि सॅनिटायझर स्वतःजवळ असू द्या. हात धुवायचं पाणी गाइड कँपवर ठेवतात, पण वाटेत नसतं.

पॅनिअर

@झुळूक, हे बहिणीला दाखवलं, ती खूश आहे. जेवणाचं काय? दोघं शाकाहारी, एक अंडंही खात नाही.

झुळूक

फॉर्म भरताना "शाकाहारी" एवढंच लिहू नका. "मांस, मासे, अंडं, चिकन स्टॉक, जिलेटिन नको, दूध, चीज चालतं" असं सुटं सुटं लिहा. नाहीतर सूपात चिकनचा स्टॉक येतो आणि देणाऱ्याच्या लेखी ते भाज्यांचं सूपच असतं. सकाळच्या पॅनकेकमध्ये अंडं असतं, तेही आठवणीनं सांगा. कँपवरचं जेवण सहसा चांगलं असतं, गाइड ओतीव लोखंडाच्या भांड्यात गरमागरम करून वाढतात.

जवळ ठेवायला: राजगिऱ्याची चिक्की, खजूर, खारे दाणे, खाकरा. शेंगदाण्याच्या चटणीचा छोटा डबा कोणत्याही टॉर्टियाला जेवण करतो. चॉकलेट वितळतं. दर पाऊण तासानं चार घास, भूक लागायची वाट बघू नका.

कातळवाट

जमिनीबद्दल एक गोष्ट राहिली. रस्त्याच्या कडेला काळपट, खडबडीत, फुगल्यासारखी माती दिसेल. ती जिवंत आहे: सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, लायकेन यांनी वाळूचे कण बांधून केलेला पापुद्रा. वाळवंटातली माती वाऱ्यानं उडत नाही, पाऊस थोडा मुरतो, झुडपं रुजतात ते त्याच्यामुळे. एका पावलानं तो चुरतो आणि भरून यायला काही दशकं लागतात. समोरून जीप आली की सगळे जण सहज कडेच्या मातीत उतरतात, नेमकं तेच करायचं नाही. उघडा खडक किंवा ओढ्याचं पात्र बघून तिथे थांबा. फोटोसाठीही तोच नियम. सायकल रस्ता सोडून नेणं तर नियमानंच बंद आहे.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. मसलमन आर्चच्या कमानीवर चालू नका. ड्रोन बंद, लाकडं पेटवणं बंद, पाळीव प्राणी गाडीतसुद्धा चालत नाहीत.

कँपबद्दल: मर्फी आणि व्हाइट क्रॅक दोन्ही उघड्यावर आहेत, वारा रात्री तंबू हलवतो. खडकात खुंट्या जात नाहीत, म्हणून प्रत्येकी दीड मीटरच्या चार दोऱ्या जवळ ठेवा आणि तंबू दगडांना बांधा. बांधलेले दगड निघताना जागच्या जागी ठेवायचे.

वेळ काढाच अशा दोन जागा. व्हाइट क्रॅकचा फाटा दीडेक मैलाचा आहे, दुसऱ्या दिवशी पाय दमलेले असतात म्हणून ग्रुप तो टाळायला बघतात. टाळू नका. व्हाइट रिमचं दक्षिण टोक तिथे आहे, पायांखाली तुटलेला पांढरा कडा आणि समोर उद्यानाच्या मेझ आणि नीडल्स या भागांचा अख्खा प्रदेश. दुसरी, पोटॅटो बॉटमपुढे फोर्ट बॉटमची पायवाट. नदीच्या वळणावर टेकाडावर पूर्वीच्या प्युब्लो लोकांनी बांधलेला दगडी बुरूज आहे. येऊन-जाऊन पाचेक किमी. भिंतींना हात टेकू नका, आत शिरू नका.

सावकाश_४८

पाऊस आला तर? आणि एखाद्याला पुढे जमेना तर मधूनच बाहेर पडता येतं का?

रानवारा

पावसाचं मी सांगतो. वाटेचा कट्टा वालुकाश्माचा आहे, तो ओला झाला तरी चालतो. पण वरच्या उतारांतून आलेली चिनली नावाच्या खडकथराची माती जिथे रस्त्यावर आहे तिथे बेंटोनाइटसारखा चिकण असतो. ओला झाला की मराठवाड्यातल्या काळ्या रानात पावसानंतर सायकल घातल्यासारखं होतं: चाक आणि फ्रेममधली जागा भरते, चाक फिरत नाही. जोर लावलात तर डिरेल्युअर तुटतो. काडीनं चिखल काढा, पाऊस थांबल्यावर दोन-तीन तास द्या, ऊन पडलं की तीच माती कडक होते. पाणी मारून सायकल धुवायचा मोह टाळा, प्यायचं पाणी आहे ते.

ओढ्यात वाहतं गढूळ पाणी दिसलं तर पलीकडे जाऊ नका, गुडघाभर असलं तरी. खालचा तळ दिसत नाही आणि वरून दगड येत असतात. पूर साधारण काही तासांत ओसरतो. वर आभाळ निरभ्र असलं तरी पूर येऊ शकतो, पाऊस पठारावर पडलेला असतो. म्हणून दुपारच्या जेवणाला ओढ्याच्या पात्रात सावली बघून बसायचं नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये मिनरल बॉटमची वळणं पुरात वाहून गेली होती. पुन्हा बांधून व्हायला २०११ उजाडलं. निघण्याच्या आदल्या दिवशी रस्त्यांची स्थिती उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा.

रोज संध्याकाळी पाच मिनिटं: चेन कोरड्या फडक्यानं पुसा, ड्राय ल्यूबचा कडीमागे एकेक थेंब, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. ओलं, चिकट ल्यूब वापरलं तर वाळू त्यात मिसळून कॅसेट घासून काढते. सस्पेन्शनच्या नळ्या मऊ फडक्यानं. बस, एवढंच.

कातळवाट

@सावकाश_४८, पहिल्या दिवशी मागे फिरता येतं. शेफर उतरल्यावर पोटॅशचा फाटा लागतो, तो थेट मोॲबला जातो. (इथेच चुकण्याचीही जागा आहे. खाली आल्यावर डावीकडे पोटॅश, उजवीकडे व्हाइट रिम. कुठलाही फाटा आला की पुढच्यानं मागच्याची वाट बघायची, हा ग्रुपचा नियम पहिल्या सकाळीच ठरवा.) दुसऱ्या दिवसानंतर जवळची वाट नाही. मर्फीपासून पुढे जा की मागे जा, दोन्हीकडे दिवसभराचा रस्ता.

म्हणून ट्रकमध्ये बसायचं असेल तर ते सकाळी ठरवा. नाश्त्यालाच गाइडला सांगा: "जेवणापर्यंत मी ट्रकमध्ये". सायकल रॅकवर चढते, पाय अर्धा दिवस विश्रांती घेतात, दुपारी पुन्हा निघता येतं. चढाच्या मध्यावर पाय संपले तर ट्रक येईपर्यंत उन्हात बसून राहावं लागतं. वारा असेल तर अंग गार पडतं, नसेल तर डोकं तापतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मर्फीचा चढ आहे. सकाळी गुडघा कुरकुरत असेल तर व्हाइट क्रॅकपर्यंत सायकल चालवा आणि मर्फीला ट्रकनं वर जा.

सावकाश_४८

कळलं. वय ५८, डावा गुडघा जरा नाजूक आहे, पण सपाटीवर ४० किमी होतात. खोगिराची उंची भाड्याच्या सायकलीवर कशी लावायची?

टॉर्करेंच

घरच्या सायकलीवर पेडलच्या मध्यापासून, क्रँक खोगिराच्या दांड्याच्या रेषेत खाली असताना, खोगिराच्या माथ्यापर्यंत टेपनं मोजा. तो आकडा मिमीमध्ये लिहून न्या. माप पेडलपासून घेतलेलं असल्यामुळे क्रँकची लांबी सारखी नसली तरी हाच आकडा लावा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर खोगीर ३-४ मिमी वर, मागच्या बाजूला दुखत असेल तर तेवढंच खाली. एका वेळी ४ मिमीपेक्षा जास्त हलवू नका. ड्रॉपर सीटपोस्ट (बटणानं खाली-वर होणारा खोगिराचा दांडा) असेल तर हा आकडा पूर्ण वर असतानाचा लावायचा, आणि त्याच्या कॉलरला टेपची बारीक खूण करून ठेवायची, कारण ट्रकच्या रॅकवर चढवताना गाइड कधीकधी सीटपोस्ट खाली ढकलतात.

क्लिप पेडल (बूट अडकवायचे) वापरत असाल तर स्वतःचे पेडल आणि बूट आणा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे सफर संपल्यावर ते काढताना विसरू नका. कमी सवय असेल तर सपाट पेडल आणि कडक तळाचे बूट बरे. मर्फी आणि हार्डस्क्रॅबलला ढकलायची वेळ येते, तेव्हा बुटाखालची क्लीट खडकावर घसरते.